‘आता घरी न्या’

दिवाळी अंकात मरणावर लिहायचे म्हटले की संपादकांच्याही आधी घरातली माणसे कानांवर हात ठेवतात. सणासुदीला असले अभद्र कशाला? मला हा आक्षेपच मुळी मान्य नाही. ज्या सणाच्या आरंभी, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, आपण कणकेचा दिवा करून त्याची वात दक्षिणेकडे वळवून ठेवतो, आणि ज्याच्या शेवटच्या दिवसाला पंचांगात यमद्वितीया असे सरळ नाव आहे, त्या सणाला मरणाचे वावडे आहे हे कोणी ठरवले? यम बहिणीकडे जेवायला गेला, तो दिवस आपण भाऊबीज म्हणून साजरा करतो. आपल्या आज्या-पणज्यांना ते नाव उंबरठ्याच्या आत आणायची भीती वाटत नव्हती. भीती वाटते ती आपल्याला, आणि त्या भीतीला आपण मांगल्य म्हणू लागलो आहोत. तिची किंमत मात्र आपण देत नाही. ज्याला जायचे आहे तो देतो आणि मागे राहणारे देतात.

‘आता काही करता येण्यासारखे नाही, घरी न्या.’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असे घर सापडणे कठीण. डॉक्टर ते दारात उभे राहून बोलतात, नातेवाईक खाली मान घालून ऐकतात आणि खाटेवरचा माणूस ते ऐकू आले नाही असे दाखवतो. माझे म्हणणे असे की या वाक्याचा पहिला अर्धा भाग बहुतेक वेळा खोटा असतो. रोगाला करण्यासारखे काही उरले नसेल. माणसाला करण्यासारखे पुष्कळ उरलेले असते. वेदना आवरता येते, धाप कमी करता येते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलावी हे सुनेला नि मुलाला शिकवता येते. तोंड कोरडे पडले तर ओल्या फडक्याने ओठ पुसत राहा, एवढे सांगायला तर औषधाचीही गरज नाही. पण तेवढेही कोणी सांगत नाही. फाईल हातात मिळते, बिल हातात मिळते, आणि गाडी गावाकडे वळते.

आमच्या आळीत एक निवृत्त पोस्टमन राहत असत. सारी आळी त्यांना अण्णा म्हणे. पोटाचा कॅन्सर निघाला, शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात चार महिने काढले आणि एके दिवशी त्यांना असेच घरी आणले. फाईल वीतभर जाडीची. तिच्यात सगळे होते. रात्री दोन वाजता कळ उठली तर काय करायचे, एवढे मात्र कुठे नव्हते. मुलगा मला दारातच म्हणाला, “मास्तर, अण्णांना काही बोलू नका हं. त्यांना अल्सर सांगितलाय. ते खचतील.” जो येई तो ‘आज बरे दिसता’ म्हणे, आणि अण्णाही ‘हो, बरे आहे’ म्हणत. ज्यांनी जन्मभर लोकांच्या मरणाच्या तारा दारोदार पोहोचवल्या त्या माणसाला स्वतःची तार वाचता येत नव्हती, असे घरच्यांना खरोखरच वाटत होते काय?

एका दुपारी त्यांनी मला बोलावणे धाडले. “मास्तर, दार लोटून घ्या. कागद आणलात ना? घरातली सगळी नाटक करताहेत आणि मला एकट्याला बघत बसावं लागतंय. तुम्ही तरी लिहून घ्या.” त्यांनी सांगितले ते मी लिहिले. पतसंस्थेतली ठेव कोणाच्या नावे आहे. मेहुण्याचा पाण्याचा पंप परत करायचा आहे. बायकोच्या डोळ्याचे ऑपरेशन माझ्या वर्षश्राद्धासाठी लांबवू नका. आणि शेवटी, जरा थांबून, “हिच्या बांगड्या फोडू नका.”

तो कागद मी दहाव्याच्या आधी मुलाच्या हाती दिला. त्याने वाचला, डोळे पुसले आणि आपल्या आत्याकडे पाहिले. आत्या म्हणाली, “रीत काय कागदावर चालते?” बांगड्या फुटल्या. ज्या माणसाशी शेवटचे दोन महिने कोणी खरे बोलले नाही, त्याचा शेवटचा शब्दही मानला गेला नाही. याला आपण प्रेम म्हणतो.

रोग्याला खरे सांगितले तर तो खचतो, हा आपल्या समाजातला एक आवडता समज आहे. खचतो तो एकटेपणाने. वेदनेचे म्हणाल तर त्यावर मॉर्फिन आहे, आणि ते स्वस्त आहे. अफूचे पीक सरकारी परवान्याने मध्य प्रदेशात, राजस्थानात, उत्तर प्रदेशात काढले जाते. ती अफू औषधांसाठी परदेशांनाही जाते. आणि त्याच देशात कॅन्सरचा रोगी साध्या गोळीवाचून तळमळतो! १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा आला आणि परवान्यांच्या जंजाळापायी औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, वाट सोपी झाली. पण डॉक्टरांच्या मनातली भीती दुरुस्त व्हायला संसदेचा ठराव पुरत नाही. रोग्याला व्यसन लागेल म्हणे! दोन महिन्यांचा सोबती असलेल्या माणसाच्या व्यसनाची काळजी करणारे शास्त्र मला समजत नाही.

दुसरीकडे हे कसे जमले? लंडनमध्ये सिसिली सॉंडर्स या बाईंनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढले. त्या आधी परिचारिका होत्या, मग डॉक्टर झाल्या. मरणाऱ्याची वेदना केवळ शरीराची नसते, मनाची, घराची, पैशाचीही असते, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवले. आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन निघाले. पुण्याला वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून आहे; तिथे रोग्याबरोबर घरच्या माणसालाही ठेवून घेतात आणि शुश्रूषा शिकवतात. म्हणजे महाराष्ट्राला हे ठाऊक नाही असे नव्हे. पण वांद्रे ते वारजे एवढाच काही महाराष्ट्र नाही. केरळात १९९३ साली कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छोटे काम सुरू केले. पुढे ते वाड्यावस्त्यांवर गेले. शेजारीपाजारी, विद्यार्थी, दुकानदार स्वयंसेवक झाले, नर्स घरोघर जाऊ लागली, आणि २००८ साली त्या राज्याने पॅलिएटिव्ह केअरचे धोरणच जाहीर केले. त्यांच्याकडे काही पैशांचे झाड नव्हते. मरणारा माणूस गावाचा आहे एवढे त्यांनी मानले.

आणि ‘काही करता येण्यासारखे नाही’ म्हणणाऱ्यांनी मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळातल्या परिचारिकांची आठवण ठेवावी. अरुणा शानबाग ही त्यांच्यातलीच एक. १९७३ साली तिच्यावर अत्याचार झाला आणि ती शुद्धीवर अशी आलीच नाही. २०१५ साली ती गेली, तोवर ४२ वर्षे त्या इस्पितळातल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला भरवले, पुसले, सांभाळले. तिला असे जगवावे की नाही यावर सर्वोच्च न्यायालयात वाद झाला, २०११ साली निकाल लागला, आणि त्याच विचाराच्या ओघात २०१८ साली न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. आपल्याला यंत्रावर टांगून ठेवू नये, असे आज प्रत्येकाला शुद्धीत असताना लिहून ठेवता येते. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. जमिनीच्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याच्या दारी वीस खेपा घालणारे आपण हा एक कागद करत नाही. कारण तो करायचा तर घरात तो विषय काढावा लागतो.

माणूस गेल्यावरचे तर विचारूच नका. जुन्या रीतींना मी सरसकट नावे ठेवणारा नव्हे. दुःखाच्या घरी चूल पेटत नसे, शेजारून पिठलेभात येई. भेटायला आलेला माणूस निघताना ‘येतो’ म्हणत नसे, नुसता उठून जाई. दहा-तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असे, आणि पहिल्या सणाला फराळाचे डबे शेजाऱ्यांकडून येत. त्यात शहाणपण होते. ते आपण सोडले. आता भ्रमणध्वनीवर दोन जोडलेले हात पाठवले की आपले कर्तव्य संपते. २०२०-२१ च्या साथीत अंत्ययात्रेला २० माणसांची मर्यादा होती, कित्येकांना बापाचे तोंडही दिसले नाही. तेव्हा नाइलाज होता. साथ सरली, पण न जाण्याची सवय बऱ्याच जणांना सोयीची वाटली.

आणि टाकायचे ते मात्र आपण घट्ट धरून ठेवले. १८९० च्या सुमारास मुंबईच्या न्हाव्यांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे सांगितले. ज्यांचे पोट त्या कामावर होते त्यांना जे कळले ते शिकल्यासवरल्या घरांना कळायला आणखी किती वर्षे लागली! केस राहिले, कुंकू, बांगड्या, जोडवी यांवरचा हल्ला चालूच आहे. नवरा गेल्याचे दुःख कमी पडते म्हणून की काय, चार बायका मिळून तिचे मनगट धरतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. शहरातल्या सुशिक्षित सोसायट्यांना ग्रामसभा नसते, ही त्यांची मोठीच सोय झाली.

मुलांचे मला सर्वांत जास्त लागते, कारण ती माझ्यासमोर बाकावर बसतात. जवळजवळ दर वर्षी एखादे मूल तेरा-चौदा दिवस गैरहजर राहून, डोके भादरून परत येते. घरचे निरोप पाठवतात, ‘विषय काढू नका.’ वर्गातली मुले त्याच्याकडे चोरून पाहतात, तो फळ्याकडे पाहतो. लहान असेल तर त्याला सांगितलेले असते की बाबा गावाला गेले. मग ते मूल वाट पाहते. एका पोरीने मला विचारले होते, “गुरुजी, गावाला गेलेल्या माणसाच्या चपला घरीच का असतात?” नचिकेत्याने साक्षात यमाच्या दारी बसून मरणाचा प्रश्न विचारला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि आपल्या घरातल्या नचिकेत्याच्या हातात गोळी-बिस्कीट देऊन त्याला शेजारी पाठवून देतो.

मुलाला ‘तुझे बाबा वारले, ते आता येणार नाहीत’ हे साध्या शब्दांत, कुशीत घेऊन सांगावे. त्याला रडू द्यावे, आणि खेळावेसे वाटले तर खेळू द्यावे. ‘आता तूच घरातला कर्ता’ असले ओझे दहा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर टाकू नये. हे कळायला मोठी विद्या लागत नाही. तरी शिक्षणखात्याच्या परिपत्रकांच्या ढिगात या विषयावर एक कागद आलेला मला आठवत नाही. वृक्षारोपणावर येतात, हात धुण्यावर येतात. २०२२ पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा आहे, आकडा १४४१६. फुकट आहे, मराठीतही बोलता येते, आणि मन मोडलेल्या माणसाला रात्रीअपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर तिथे माणूस भेटतो. तो आकडा मी आमच्या शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. शिपाई शनिवारी फळा पुसतो. सोमवारी मी पुन्हा लिहितो.