तबकडी मोठी की सीडी?



माळ्यावर जुन्या तबकड्या पडून आहेत, त्या ठेवाव्यात की भंगारवाल्याला द्याव्यात, असे आम्हाला वस्तीत बरेचदा विचारतात. विचारणारी बहुधा सून असते, नाही तर नातू. तबकड्या आजोबांनी ओव्हरटाइमच्या पैशातून घेतलेल्या असतात आणि त्या वाजवायचे यंत्र केव्हाच मोडीत गेलेले असते. 'सगळी भीमगीते मोबाईलवर आहेत, मग ही अडगळ कशाला?' असा सवाल असतो. पैसेवाल्यांत मात्र उलटी हवा आहे. तिथे तबकडीची पुन्हा फॅशन आली असून तबकडीचा आवाज जिवंत आणि डिजिटल आवाज मेलेला, असे छातीठोक सांगितले जाते. आम्हाला दोन्ही बाजू अर्ध्याच खऱ्या वाटतात.

आधी यंत्राचे पाहू. तबकडीवर आवाजाची थरथर खाचेच्या वळणांत कोरलेली असते. सुई त्या खाचेतून जाताना तशीच थरथरते आणि त्या थरथरीची वीज होऊन ती स्पीकरपर्यंत पोचते. सुई घासते म्हणजे खाच झिजते. धुळीचा कण आला की 'कट्ट' होते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत मात्र आवाज दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत लिहिलेला असतो. असे तुकडे केल्यावर मधला आवाज हरवणारच, ही समजूत चुकीची आहे. सेकंदाला जितक्या वेळा मोजले, त्याच्या निम्म्या कंपनसंख्येखालचा आवाज त्या आकड्यांवरून पुन्हा पुरता उभा करता येतो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. माणसाच्या कानाची धाव सुमारे २०,००० कंपनांपर्यंत, आणि चाळिशी उलटली की त्याहून कमी. सीडीत हळू आणि मोठ्या आवाजातले अंतरही जास्त मावते. तेव्हा निव्वळ यंत्राचा जमाखर्च मांडला तर सीडी सरस, यात आम्हाला शंका नाही.

पण आपल्या घरात वाजते ती सीडी कुठे असते? असते ती एमपीथ्री. १२८ किलोबिटची एमपीथ्री फाइल सीडीच्या सुमारे अकराव्या हिश्शाएवढी असते. बाकीचे कानाला कळणार नाही अशा हिशेबाने गाळलेले असते. तेही एक वेळ चालले असते. खरी गोम पुढे आहे. ती फाइल केली कशावरून? पुष्कळदा कॅसेटवरून. ती कॅसेट दुसऱ्या कॅसेटवरून, आणि दुसरी कुणाच्या तरी टेपवर शंभरदा वाजून घासलेली. प्रत्येक नकलेबरोबर फिस्कारा वाढत जातो. आकडे इमानदार असतात. त्यांना खरखर दिली तर ते खरखरच जपतात. अशा फाइलपुढे प्रल्हाद शिंदे किंवा विठ्ठल उमप यांची न ओरखडलेली तबकडी नीट वाजवून ऐका. आवाजातला जोर आणि ढोलकीची थाप कुठे उरली आहे, ते कुणी सांगावे लागणार नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला याहूनही जास्त बोचते. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर गायकाबरोबर बहुधा कवीचेही नाव छापलेले असते. मोबाईलवर तेच गाणे 'भीमगीत ०७' होऊन येते. दिवसभर मजुरी करून रात्री गाणी रचणाऱ्या आपल्या कवींची नावे अशी पुसली जात आहेत. शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफण्याची शाहिरी रीत होती म्हणून काही नावे वाचली. आता रिंगटोन आणि स्टेटससाठी गाणे कापतात, तेव्हा पहिले जाते ते शेवटचे कडवेच! मुळात ७८ च्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. जलशातले लांब गाणे त्यात बसवताना कडवी गाळावी लागतच. जे उरले त्यालाही पुन्हा कात्री लागते आहे.

म्हणून आमचे सांगणे असे की, तबकडीची चांगली डिजिटल प्रत करा आणि तबकडीही ठेवा. प्रत एमपीथ्रीत न करता वेव फाइलमध्ये करावी; ऐकायला त्यावरून हवी तेवढी लहान करून घेता येते. तिच्या दोन प्रती दोन घरांत असाव्यात. कागदावरची गायक, कवी, संगीतकार, कंपनी व क्रमांक ही माहिती वहीत उतरवावी, फोटोही काढावा. एकट्याला खर्च झेपत नसेल तर विहारातल्या चार-पाच घरांनी मिळून करावे.

हौसेने बॅगेसारखा दिसणारा स्वस्त प्लेयर घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच यंत्रांची सुई जड असते आणि ती खाच खाते. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते, तिला जाड सुई लागते. लाँगप्लेची बारीक सुई तळाशी रखडते आणि खरखरच ऐकू येते. मॅग्नेटिक पिकअप असेल तर मध्ये फोनो प्रीॲम्प हवाच. तबकडी कोरतानाच खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त ठेवलेले असतात. ते उलट करून घेतले नाही तर ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते.

आणि आजच करण्यासारखे एक काम. तबकड्या एकीवर एक आडव्या रचलेल्या असतील तर उभ्या करा. पत्र्याच्या छपराखाली असतील तर खाली उतरवा, उन्हाळ्यात तिथे प्लॅस्टिकची तबकडी वाकते. तिला कोमट पाणी आणि किंचित साबण चालतो, मधला कागद मात्र भिजू देऊ नका. ७८ ची जुनी तबकडी लाखेची असते. ती स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते.