हॉलची एक भिंत द्या

१९४९ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं पहिलं प्रदर्शन भरलं. सहा जण, सगळे तरुण. त्यात रझा होते आणि पंढरपुरात जन्मलेले हुसेनही. हुसेन यांनी सिनेमाची होर्डिंग रंगवली होती, आरांनी लोकांच्या घरी नोकरी केली होती. एकेकट्याला कोण विचारणार? म्हणून सगळे मिळून उभे राहिले.

आपल्याकडे पोरगी चित्र काढते म्हटलं की लगेच प्रश्न येतो, ‘पुढे काय?’ तोच ऐकून मी इंजिनिअर झालो. पगाराची तक्रार नाही. ब्रश मात्र सुटला तो सुटलाच.

मोहल्ल्याच्या हॉलमध्ये नीट, सीईटीवर भाषणं होतात. व्हायलाच हवीत. त्याच हॉलच्या एका भिंतीवर आठवडाभर आपल्या पाच-सहा पोरापोरींची चित्रं लावा. उद्घाटनाला नेता नको, त्यांच्या अम्मी-अब्बांना बोलवा.