माणूस गेला, हप्ते राहिले



गेल्या लावणीच्या दिवसांत नाते गावाजवळच्या एका वाडीवर गेलो होतो. शेतात साप चावून एक शेतकरी गेला होता आणि त्याच्या अपघात अनुदानाचे कागद भरायचे होते. तेरावा अजून व्हायचा होता. मी पोचलो तेव्हा ओटीवर दोन तरुण फाइल घेऊन आधीच बसलेले. आदल्या वर्षी गणपतीला हप्त्यावर घेतलेला टीव्ही आणि लोखंडी कपाट, त्याचे अकरा हप्ते राहिले होते. माझं काम होईपर्यंत वहिनींनी स्टॅम्प पेपरवर सही करूनही टाकली होती : राहिलेली सगळी रक्कम मी भरीन. ते गेल्यावर मी विचारलं, एवढी घाई कशाला केलीत? तर म्हणाल्या, "भाऊ, गेलेल्या माणसाच्या डोक्यावर कर्ज ठेवून कसं चालेल?"

या प्रश्नावर मला तिथे उत्तर सुचलं नाही. मी शेतकी पदविकेचा माणूस, वकील नव्हे. नंतर महाडला जाऊन जाणत्या वकिलांशी बोललो, पुस्तकं चाळली. जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण ही पाळी कुणाच्याही घरावर येते.

पहिली गोष्ट. नवरा गेला म्हणून त्याचं कर्ज बायकोच्या अंगावर येत नाही. बायको गेली तर तिचं नवऱ्याच्या अंगावर येत नाही. कर्ज जातं ते मयताने मागे ठेवलेल्या मिळकतीबरोबर. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५० हेच सांगतं : मयताची जी मिळकत वारसाच्या हाती आली, तेवढ्यापुरताच वारस जबाबदार. पन्नास हजारांची मिळकत आली आणि कर्ज दोन लाखांचं असेल, तर पन्नास हजारांच्या पुढे वारसाच्या स्वतःच्या कमाईला हात लावता येत नाही. काहीच मागे राहिलं नसेल, तर वारसाकडून मागायला काही उरत नाही.

यावर आपली म्हातारी मंडळी म्हणतील, हे सायबाचे कायदे. आपल्या धर्मात बापाचं ऋण मुलाने फेडलंच पाहिजे. मुलाबद्दल शास्त्र तसं सांगतं हे खरं. पण बायकोबद्दल याज्ञवल्क्य स्मृती काय म्हणते तेही ऐका. बाईने फक्त तीन प्रकारचं कर्ज फेडावं : जे तिने फेडीन म्हणून कबूल केलं, जे नवऱ्याबरोबर मिळून काढलं, आणि जे तिने स्वतः काढलं. याखेरीज कुठलंही नाही. शिवाय जो वारसा घेतो त्याने कर्ज फेडावं, हेही तिथेच आहे. त्याच स्मृतीत गवळी, धोबी अशा काहींच्या बाबतीत मात्र बायकोचं कर्ज नवऱ्याने द्यावं असं आहे, कारण त्यांचा संसार बायकांच्या कष्टावर चालतो. आजच्या बचत गटाच्या दिवसांत हे वाचून गंमत वाटते.

मुलांच्या बाबतीत मुंबई इलाख्यात पूर्वी फार कडक होतं. वारशात दमडी मिळाली नसली तरी मुलाने बापाचं कर्ज द्यावं, असं मानलं जाई. १८६६ साली मुंबई सरकारने कायदा करून ही जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरती आणली. विधवेने दुसरं लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याचं देणं दुसऱ्याच्या गळ्यात घालता येणार नाही, हेही त्याच कायद्यात घातलं. म्हणजे हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीही आपल्याकडे होता. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने, त्यानंतरच्या कर्जासाठी केवळ धर्माचं कर्तव्य म्हणून मुला-नातवांवर दावा लावायची वाटही बंद केली.

मग अडकतो कुठे आपण? सहीत. कर्जाच्या कागदावर बायको सहकर्जदार असेल तर ते कर्ज तिचंही आहे. ती जामीन असेल तरी तेच. पतसंस्थेच्या कर्जाला मेहुणा, शेजारी जामीन राहिलेला असतो. कर्जदार गेला तरी जामीन सुटत नाही, त्याला पूर्ण रक्कम मागता येते. आणि या सगळ्याहून वाईट म्हणजे मरणानंतरची सही. जे देणं बाईवर नव्हतंच, ते त्या कागदाने तिच्या अंगावर येतं. वाडीवरच्या त्या वहिनींचं हेच झालं. वकील म्हणाले, भांडता येईल. पण भांडायला कोर्टात कोण जाणार? त्या मजुरी करून हप्ते भरताहेत.

आता घरातल्या वस्तूंचं. हप्त्यावरच्या वस्तूचा कागद नीट वाचा, नाही तर कुणाकडून वाचून घ्या. काही कागदांत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत वस्तू कंपनीची असते, काहींत ती तारण असते, काहींत ते नुसतं बिनतारणी कर्ज असतं. पहिल्या दोन प्रकारांत कंपनी वस्तू परत मागू शकते. ती दिली तर पावती घ्या आणि किती रक्कम वळती केली ते लिहून घ्या. मात्र त्या टीव्हीच्या बदल्यात मिक्सर, भांडी, ग्रासकटर उचलून न्यायचा हक्क कुणालाही नाही. माहेरून आलेली भांडी-दागिने हे बाईचं स्त्रीधन. ती नवऱ्याची मिळकतच नव्हे, तेव्हा त्याच्या कर्जाशी त्यांचा संबंध नाही.

साधं कर्ज असेल तर जप्तीला कोर्टाचा हुकूम लागतो. आणि कोर्टाची जप्ती आली तरी कलम ६० नुसार गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्यापुरते बैल आणि बियाणंही सुटतं. शेतकरी राहतो ते घरही सुटतं, फक्त ते गहाण टाकलेलं नसावं. गुंड लावून वसुली करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावलं आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये कळवलं. या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १८९६ साली आपल्या नात्यातच जन्मले. त्यांच्या गावात तरी त्या बँकेचा नियम माहीत असावा, एवढीच माझी अपेक्षा.

विनापरवाना सावकाराने तगादा लावला तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे अर्ज द्या. २०१४ च्या सावकारी कायद्यात अशा धंद्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

शेतीकर्जाचं मात्र वेगळं आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा असेल तर तो जमिनीबरोबर वारसांकडे येतो. वारस नोंद पुढे ढकलली म्हणून तो टळत नाही, उलट नवं पीककर्ज अडतं. तीन महिन्यांत वर्दी द्या.

२२ जुलै २०२१ ला महाडची बाजारपेठ पुरात बुडाली आणि तळियेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या पुरात किती घरांतलं सामान वाहून गेलं हे आपण डोळ्यांनी पाहिलं. नंतर अनेकांनी ते पुन्हा हप्त्यावर उभं केलं. म्हणून हा विषय आपल्या खोऱ्यात टीव्ही-कपाटापुरता नाही.

येणाऱ्या पैशाबद्दलही सांगायला हवं. कर्ज देताना बऱ्याचदा विमा काढून त्याचे पैसे आधीच कापलेले असतात. कर्जदार गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारा : विमा होता का? बँकखात्यातून वर्षाला ४३६ रुपये कापले जात असतील तर तो जीवनज्योती विमा, दोन लाखांचा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशही धरला आहे. मृत्यूसाठी दोन लाख, अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. हे अनुदान सरकार वारसाला देतं, ती मयताची मिळकत नव्हे. पण त्याचा वास देणेकऱ्याआधी घेणेकऱ्याला लागतो, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे.

आता गावच्या अधिकारी मंडळींना विनंती. २०२४ साली सरकारने पदांची नावं बदलली, तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी झाले. लोक अजून तलाठीच म्हणतात, ते असो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. म्हणजे घरातलं कुणीतरी त्या दिवसांत ग्रामपंचायतीत येतंच. त्याच वेळी एक छापील चिठ्ठी हातात द्या. त्यावर एवढंच असू द्या : तेराव्यापर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका, देणं मागणाऱ्याकडून मूळ कर्जाच्या कागदाची प्रत मागा, विमा विचारा, अडलं तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा, तिथे बाईला उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो. पोलीस पाटलांनी तेवढ्या दिवसांत त्या ओटीवर एक फेरी मारावी. खर्च कागदाचा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. मजकूर लिहून द्यायला आणि बायकांच्या सभेत वाचून दाखवायला मी येईन.