दलालाला राजकारण नसतं म्हणे!

आमच्या धंद्यातले जुनेजाणते नव्या पोरांना दोन सल्ले हमखास देतात. एक, कायम पॉझिटिव्ह राहायचं. दोन, राजकारणावर तोंड उघडायचं नाही. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी हसायचं, मान हलवायची, टोकन घ्यायचं. मी सिद्धेश्वरचा. औंढा, हिंगोली, वसमत या पट्ट्यात प्लॉट आणि जमिनीचे व्यवहार करून घर चालवतो. पहिला सल्ला मला मान्य आहे. दुसरा साफ नामंजूर आहे, कारण दुसरा पाळायला गेलं की पहिला खोटा पडतो.

आधी हे ‘राजकारण नको’ प्रकरण निकालात काढू. आमच्या गावाचं नाव बाहेर माहीत आहे ते पूर्णा नदीवरच्या धरणामुळे. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर, आणि सिद्धेश्वरातून निघालेला कालवा. तो ज्या शिवारातून गेला तिथली जमीन बागायत झाली, भाव चढला. जिथे गेला नाही तिथे आजही आभाळाकडेच बघतात. कालव्याची रेघ कुणी ओढली? कुठल्या दलालाने नव्हे, सरकारने. 1 मे 1999 ला परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला आणि जिल्ह्याचं ठाणं झालेल्या गावातल्या जागेची किंमतच बदलली. मी जे जे विकतो त्याचा भाव आधी राजकारणाने ठरवलेला असतो. मग मीच तेवढं राजकारणाबाहेर कसा राहणार?

तुकडेबंदीचंच बघा. 12 जुलै 2021 ला नोंदणी विभागाचं परिपत्रक आलं आणि ले-आउट मंजूर नसलेल्या एक-दोन गुंठ्यांच्या खरेदीखतांची नोंदणी अडली. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. ऑगस्ट 2023 मध्ये सरकारने बहुतेक जिल्ह्यांसाठी मर्यादा खाली आणली: बागायत 10 गुंठे, जिरायत 20 गुंठे. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत छोट्या तुकड्यांना दिलासा देण्याची घोषणा केली. चार वर्षांत चार वळणं. प्रत्येक वळणावर कुणी तरी कोर्टात गेलं होतं, कुणी निवेदन दिलं होतं, कुणी आमदाराला गाठलं होतं. त्यात आपल्या मोहल्ल्यातले किती जण होते?

आणि या कायद्याची झळ लागते कुणाला? हमालाला, गॅरेजवाल्याला, फळगाडीवाल्याला. आयुष्याची कमाई घालून हा माणूस दीड गुंठा घेतो. हातात काय पडतं? शंभर किंवा पाचशेच्या बॉण्डवरची नोटरी. सातबाऱ्यावर नाव नाही, फेरफार नाही. बँक कर्ज देत नाही, घरकुलाचा अर्ज अडतो. मूळ मालक वारला की त्याची पोरं येऊन विचारतात, ‘तुमचा काय संबंध?’ हे विकणाऱ्यांत आपलेच ‘कौमचे’ लोक काही कमी नाहीत, हेही मोकळेपणाने बोललं पाहिजे. ‘आपल्या लोकांत राहा, मशीद जवळ आहे, कागदाचं नंतर बघू.’ दुसरीकडे जागा मिळत नाही म्हणून माणूस नाइलाजाने मोहल्ल्यात येतो, आणि त्याच नाइलाजाचा भाव लावून त्याला बिनएनए तुकडा गळ्यात मारला जातो. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा वर काढणाऱ्या पैगंबरांची (स.) शिकवण आपण जुम्म्याला ऐकतो आणि शनिवारी बॉण्डपेपर लिहितो.

आता दुसरी बाजू. घर भाड्याने द्यायचंय म्हणून मालक माझ्या हातात किल्ली देतो, चहा पाजतो आणि जाताना हळूच म्हणतो, ‘भाई, तुमचं काही नाही हो, पण भाडेकरू तुमच्यातला नको.’ लाखोंच्या व्यवहारात माझ्यावर विश्वास आहे. माझ्या भावाने दोन खोल्यांत संसार मांडलेला चालत नाही. आणि हे वाक्य पुढे पोचवायचं कुणी? मीच. मालक कधीच समोर येत नाही. ‘सर, ती रूम गेली’ असं दलाल सांगतो. म्हणून मी म्हणतो, भेदभावाच्या या साखळीत दलाल ही कडी आहे, आणि कडी निसटली तर साखळीला जोर राहत नाही.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. एकसारखीच विचारणा, फक्त नाव वेगळं. सवर्ण नावाला दार उघडलं, दलित आणि मुस्लिम नावांना नकार आले, त्यातही मुस्लिम नावाला जास्त.

कायदा काय म्हणतो? संविधानाचं कलम 15(2) दुकान, हॉटेल, विहीर, तलाव इथे धर्माच्या नावावर अडवायला मनाई करतं. खासगी घराचं नाव त्यात नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवू दिलं. सच्चर समितीने 2006 मध्ये समान संधी आयोग सुचवला, तो आजवर झाला नाही. म्हणजे भिंत खरी आहे. ती नाही असं समजून हसत राहणं याला मी पॉझिटिव्ह म्हणत नाही.

पण भिंतीला एक फट आहे, आणि आपल्या पोरांना ती माहीत नाही. रेरा कायद्याखाली बिल्डर प्रकल्पाची नोंदणी करतो तेव्हा त्याला ‘फॉर्म बी’ नावाचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात एक ओळ असते: सदनिका किंवा प्लॉट देताना मी कोणत्याही खरेदीदाराशी भेदभाव करणार नाही. ते त्याने शपथेवर लिहून दिलेलं असतं, आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या कागदपत्रांत ते बघता येतं. ‘आमच्या स्कीममध्ये तुमचे चालत नाहीत’ असं कुणी म्हणालं तर रडू नका, भांडूही नका. तो कागद छापून टेबलावर ठेवा आणि म्हणा, ‘साहेब, हे लेखी द्या.’ लेखी कुणी देत नाही. बोलण्याचा सूर मात्र बदलतो.

ही फट अपुरी आहे, हे कबूल. भाड्याची घरं यात येत नाहीत, जुन्या घरांची फेरविक्री येत नाही, 500 चौरस मीटरपर्यंतचे छोटे प्रकल्प नोंदणीतून सुटतात. म्हणूनच आपली मागणी नेमकी हवी. बिल्डरकडून जी शपथ घेतली जाते तीच एजंटाकडूनही घ्या. 2023 पासून महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आहे. त्या अभ्यासात भेदभावावर एक धडा घाला. सच्चर समितीचा आयोग आणा. या मागण्या मुसलमानांपुरत्या नाहीत. दलिताला, एकट्या बाईला, मटण शिजवणाऱ्या कुणालाही याच दारावरून परत पाठवतात. म्हणून निवेदनावर सह्या त्या सगळ्यांच्या हव्यात.

‘काही होत नाही भाई’ म्हणणाऱ्या माझ्या तरुण मित्रांनो, तुमचा राग मला समजतो. पण ‘काही होत नाही’ आणि ‘पॉझिटिव्ह राहा, गप्प बसा’ या दोन्ही वाक्यांचा शेवट एकच आहे: घरी बसणं. सब्र म्हणजे हातावर हात ठेवणं, असं मला कुणी शिकवलेलं नाही. रोज तहसीलच्या पायऱ्या चढायच्या, तोच कागद तिसऱ्यांदा द्यायचा, पोच घ्यायची आणि तरी जीभ कडू होऊ द्यायची नाही, हा माझ्या धंद्यातला सब्र. दहा साइटी दाखवल्या तर एखादा व्यवहार जुळतो. म्हणून दलाल नऊ नकारांवर धंदा बंद करत नाही. हाच हिशेब राजकारणात का लावत नाही आपण?

तुमच्यातलं कुणी या धंद्यात येत असेल तर जरूर या. रेराची नोंदणी करून या, सातबारा वाचायला शिकून या. गरिबाला बॉण्डपेपर विकू नका. ‘त्यांच्यातला नको’ हा निरोप पोचवायला ठाम नकार द्या. एखादं कमिशन बुडेल. तेवढं बुडू द्या.