फरशीवरचा पाय

सुगी उरकली, दाणागोटा घरात आला, की गावातल्या म्हाताऱ्या माणसांची एक वारी सुरू होते. ही वारी पंढरीची नव्हे, नवी मुंबईची. साताऱ्याकडचे पाटण-जावळी घ्या, सांगलीकडचे शिराळे घ्या, नाहीतर पुण्याकडचे जुन्नर-आंबेगाव घ्या. घरटी एक तरी लेक, जावई नाहीतर पुतण्या तिकडे असतो. कुणी तुर्भ्याच्या बाजारात माथाडीचे काम करतो, कुणी टेम्पो चालवतो, कुणाची लेक दवाखान्यात नर्स आहे. ते प्रेमाने आई-आबांना दोन-चार महिन्यांसाठी घेऊन जातात. नातवंडांचे तोंड बघावे, मोतीबिंदूचे काम उरकावे, थोडा आराम व्हावा, हा हेतू.

हेतू चांगलाच. पण गावाकडे विळ्याच्या पात्यासारखी लवलवणारी म्हातारी याच मुक्कामात कधी न्हाणीघरात घसरते आणि खुब्याचे हाड मोडून घेते. मग विचारावे तर सगळे एकच सांगतात, “काय करणार हो, फरशी गुळगुळीत होती.”

फरशी गुळगुळीत असते हे खरे. पण ती पहिल्या दिवशीही तेवढीच गुळगुळीत होती. पहिल्या दिवशी आजी पडली नाही, तीन महिन्यांनी पडली. मधल्या काळात फरशी बदलली नाही, पाय बदलले. आजच्या सदरात त्या पायांचीच गोष्ट करायची आहे.

गावाकडच्या सत्तरीच्या बाईचा दिवस आठवून बघा. पहाटे उठायचे, गोठ्यात वाकून शेण भरायचे, चुलीपुढे उकिडवे बसायचे आणि हाताचा टेकू न घेता उठायचे. दारातल्या पायऱ्या दहादा चढायच्या-उतरायच्या. वैरणीची पेंढी घेऊन बांधावरून यायचे. आणि बांध म्हणजे वीतभर रुंदीचा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला चिखल. याला कुणी व्यायाम म्हणत नाही. पण मांडीचे स्नायू आणि शरीराचा तोल सांभाळायला याच्याइतके चांगले काही नाही.

तीच बाई लेकाच्या घरी जाते. झोपायला पलंग, बसायला सोफा, स्वयंपाकाला उंच ओटा, खाली जायला लिफ्ट. संडासही खुर्चीसारखा. सून गुणाची असते, ती म्हणते, “आत्या, तुम्ही बसा. आयुष्यभर कष्टच केलेत.” शेजारीपाजारी काय म्हणतील हाही विचार असतो. आत्याबाई बसतात. टीव्हीपुढे बसतात, जेवायला टेबलाशी बसतात, खिडकीशी बसतात. कष्टाला विसावा मिळाला असे सगळ्यांना वाटते. इकडे मांडीचे मांस रोज थोडे थोडे ओसरत असते.

हे किती झपाट्याने होते याचा एक प्रयोग अमेरिकेत झाला. सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले. २००७ साली त्याचा निकाल छापून आला. केवळ दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस कमी झाले होते. बसणे म्हणजे अंथरुणाला खिळणे नव्हे, हे मान्य. पण वाट त्याच दिशेची. तरण्या माणसाचे हरवलेले मांस लवकर भरून येते, म्हाताऱ्याचे सावकाश येते, आणि कधीकधी पूर्ण येतही नाही.

ही गोष्ट फक्त पाहुण्या म्हाताऱ्यांची नाही. नवी मुंबई वसली तीच मुळी शेतकऱ्यांच्या जमिनीवर. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची भातखाचरे, मिठागरे संपादनात गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकऱ्यांनी लढा दिला, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना पुढे आली. जमिनीच्या भावाचा हिशेब पुष्कळ झाला. पण गुडघाभर चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्या आगरी बायांचे आणि खाडीत जाळे ओढणाऱ्या कोळी बांधवांचे रोजचे काम गेले, त्याने अंगावर काय परिणाम झाला, याचा हिशेब कुणी मांडल्याचे माझ्या वाचनात नाही. शेत गेले की शेतावर जाणेही जाते, हे आपल्या लक्षात राहत नाही.

आणि मंडळी, आम्ही कुठे नवी मुंबईला जातो, असे म्हणून पान उलटू नका. नळ दारात आला, घरकुलाला टाइल्स लागल्या, कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही नातू मोटारसायकल काढतो. हे सुख आहे, ते नको असे कोण म्हणेल? पण जे फ्लॅटमध्ये होते ते आता आपल्या ओसरीवरही होऊ लागले आहे.

आपल्या घरातल्या माणसाच्या पायांत किती जोर उरला आहे, हे पाहायची सोपी रीत आहे. हात नसलेली एक साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि बसायचे. बाजूला एकाने घड्याळ घेऊन उभे राहावे. ते आधारालाही बरे. पंधरा सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पाय कमजोर होत चालले आहेत असे समजावे. हाताशिवाय उठताच आले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे आणि त्यांच्या सल्ल्याने व्यायाम सुरू करावा.

व्यायाम म्हटले की आपल्याकडे एकच उत्तर असते: फिरायला जा. नेरूळच्या तळ्याभोवती, वाशीच्या खाडीकाठी सकाळ-संध्याकाळ म्हातारी माणसे फिरताना दिसतात. हृदयाला, साखरेला ते चांगलेच. पण पडणे टाळायचे तर नुसते चालणे पुरत नाही. २०१९ साली जगभरातल्या शंभराहून अधिक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा असे दिसले की व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्याने कमी होते. त्यात खरा गुण तोल सांभाळायच्या आणि उठबशीसारख्या व्यायामांचा होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली सांगितले, की पासष्टीनंतर आठवड्यातून निदान तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत.

त्यासाठी कुठे जायला नको. स्वयंपाकघराचा ओटा धरून उभे राहा आणि दोन्ही टाचा उचला, सावकाश टेकवा, दहा वेळा. मग ओटा धरूनच एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहा, नंतर दुसऱ्या. हळूहळू एकच बोट टेकवून जमते का पाहा. मग भिंतीच्या कडेने एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत, बांधावरून चालावे तसे, दहा पावले चाला. खुर्चीवरून उठणे-बसणे तर आहेच, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. दुधाला उकळी येईपर्यंत यातले निम्मे होते. ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी निदान एका वेळचे जेवण खाली बसून घ्यावे; उठताना शेजारी स्टूल असू द्यावे. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मांडी घालू नये.

सुनांना आणि लेकींना एक विनंती. सासूबाईंच्या हातातले काम काढून घेऊ नका. उभ्याने भाजी निवडू द्या, दोरीवर कपडे वाळत घालू द्या, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडू द्या. लोक काय म्हणतील ते म्हणोत. नवी मुंबई महापालिकेने ज्येष्ठांसाठी ठिकठिकाणी विरंगुळा केंद्रे बांधली आहेत, ज्येष्ठ नागरिक संघही आहेत. आबांना पहिल्या आठवड्यातच तिथे पोहोचते करा. एकदा पाच-सहा गाववाले भेटले, की मग आबा आपणहून जिना उतरतात.

आता घराकडे वळू. न्हाणीघर हे सगळ्यात वाईट ठिकाण. फरशीवर साबणाचे पाणी साचते, वर तेलाचा हात लागलेला असतो. आंघोळ झाली की लगेच खराट्याने आणि पाणी ओढायच्या रबराने फरशी कोरडी करावी. न घसरणारी रबरी चटई घालावी आणि ती आठवड्याला घासावी, कारण तिच्याखाली शेवाळ धरले तर तीच घसरते. आंघोळीला पक्के बैठे स्टूल द्यावे. संडासाजवळ आणि नळाजवळ धरायला लोखंडी दांडी बसवावी, ती भिंतीत चांगली रोवून. टॉवेल टाकायची दांडी माणसाचे वजन पेलत नाही. घाबरलेला माणूस मात्र पहिला हात तिच्यावरच टाकतो. दाराची कडी आतून लावू नये, असे म्हाताऱ्या माणसांना गोडीने सांगावे.

सिडकोच्या बैठ्या घरांवर पुढे मजले चढले, त्यांचे जिने पुष्कळदा अरुंद आणि उभे असतात. तिथे म्हाताऱ्यांचे अंथरूण खालीच करावे. जिन्याला कठडा, वर-खाली दिवा, आणि शेवटच्या पायरीवर पांढऱ्या रंगाचा पट्टा. पायपुसणे घसरत असेल तर ते काढूनच टाकावे. घरात घालायची चप्पल मागून पट्ट्याची, तळाला पकड असलेली असावी. नऊवारीचा ओचा, धोतराचा सोगा, गाऊनची कड पायात येणार नाही एवढी वर असावी.

रात्रीची गोष्ट वेगळी. लघवीला जाग येते, माणूस झटकन उठतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उभे राहताच रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून असे होते. आधी अंथरुणात उठून बसावे, पाय खाली सोडून मिनिटभर थांबावे, पावले वरखाली हलवावीत, मग उभे राहावे. उशाशी बॅटरी असावी. रक्तदाबाच्या, झोपेच्या गोळ्यांनीही तोल जातो. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. पण सगळ्या गोळ्यांची पिशवीच डॉक्टरांपुढे ओतावी आणि यातली कोणती कमी करता येईल हे विचारावे. गावचे डॉक्टर वेगळे आणि शहरातले वेगळे असले, की एकच औषध दोन नावांनी पोटात जाते, असेही घडते.

डोळ्यांत मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबायची जुनी समजूत सोडून द्यावी. आणि आहारात दूध, डाळ, उसळ, चालत असेल तर अंडे असू द्यावे. पायांना ते मांस कुठून तरी मिळाले पाहिजे ना? सकाळच्या ताकावर आणि दोन बिस्किटांवर ते येत नाही.

इतके करूनही माणूस पडलेच, तर घाईने बगलेत हात घालून उचलू नका. आधी विचारा, कुठे दुखते. एक पाय आखूड दिसतो, पाऊल बाहेर वळले आहे आणि मांडीच्या सांध्यात कळ आहे, अशी खूण दिसली तर खुबा मोडला असे धरून चाला. चोळायचे नाही, हाडवैद्याकडे न्यायचे नाही, उभे करून बघायचे नाही. १०८ ला फोन करावा. अशा मोडीवर शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेली बरी आणि नंतर लवकर उभे करणे बरे. “वय झाले, आता कशाला चिरफाड” म्हणून नुसते झोपवून ठेवले, तर अंथरुणातले फोड आणि छातीतला कफ यांनीच माणूस हातचा जातो. सत्तरी उलटलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत, उत्पन्न कितीही असले तरी, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळण्याची सोय झाली आहे. आधार कार्ड दाखवून ते कार्ड आधीच काढून ठेवा, आणि जवळचा कोणता दवाखाना यादीत आहे हे लेकाला आजच विचारा.

हाड न मोडता नुसता मार बसला, तरी लपवू नका. पुष्कळ म्हाताऱ्या पडल्याचे सांगत नाहीत. लेक ओरडेल, नाहीतर गावी एकटे राहू देणार नाही, ही धास्ती. मग त्या भीतीने हिंडणे कमी करतात, हिंडणे कमी झाले की पाय आणखी सुटतात. डोके आपटले असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर माणूस बरा दिसत असला तरी दवाखान्यात न्यावे.

आणि मुक्काम संपवून तुम्ही मृगाच्या तोंडाशी गावी परत याल, तेव्हा पहिल्या दिवशीच पेरणी बघायला बांधावर धावू नका. पायांना सवय राहिलेली नसते, हे ध्यानात ठेवा. पहिले आठ-पंधरा दिवस काठी हातात घेऊन देवळापर्यंत जावे, मग मळ्यापर्यंत. ओल्या बांधावर नातवाला पुढे चालू द्यावे.