वेशीवरची कळशी

वाचकहो, मे महिना लागला की मुंबईतल्या आपल्या माणसांचा जीव गावाकडे ओढ घेतो. नायगाव, वरळी, चेंबूर, गोवंडी, कुठेही राहत असू द्या, पत्र्याच्या खोलीत उकाडा वाढला की साताऱ्याचा माणूस साताऱ्याची आणि सांगलीचा माणूस सांगलीची आठवण काढतो. आमच्या घरीही तीच गडबड चालू होती. ट्रंक आवरताना मुलांच्या आईला चौघडी घातलेला एक कागद सापडला. मे २०२० चा आमच्या प्रवासाचा परवाना. 'फेकू का?' असे तिने विचारले. आम्ही 'ठेव' म्हटले. का ठेवायचा, तेच आज सांगतो.

ते दिवस कुणी विसरलेले नाही. २४ मार्च २०२० च्या रात्री सगळा देश बंद झाल्याचे जाहीर झाले. आमचा कारखाना त्याआधीच बंद पडला होता. दहा बाय बाराची खोली, पाच माणसे, चाळीस घरांना मिळून सहा संडास. 'एकमेकांपासून अंतर ठेवा' असे दूरदर्शनवर सांगत, तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत असू. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती घरातच झाली. ७ मेची बुद्ध पौर्णिमाही घरातच झाली. खिचडीला तांदूळ होते, पण खोलीभाड्याला पैसे नव्हते. शेजारच्या गल्लीत दोन माणसे दगावली. मग आईने धोशा लावला, 'मला माझ्या गावात नेऊन टाका.' आईचे वय बहात्तर.

दुसऱ्या जिल्ह्यात जायचे तर पोलिसांचा ई-पास लागे. दोन वेळा अर्ज नामंजूर झाला, तिसऱ्या वेळी मंजूर झाला. डॉक्टरचा दाखला घेतला, ओळखीच्या एका टॅक्सीवाल्याची गाडी ठरवली आणि पहाटे निघालो. धाकट्याला मावशीकडे ठेवले. आई, मुलांची आई, थोरली मुलगी आणि आम्ही. आमचे गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात.

एवढा मोकळा हायवे आम्ही जन्मात पाहिला नव्हता. मोकळा म्हणजे गाड्यांनी मोकळा. कडेने माणसे चालत होती. डोक्यावर बोचके, कडेवर पोर. कुणी कर्नाटकाकडे चालले होते, कुणी उलट दिशेने. आमच्याकडे गाडी होती, म्हणून आम्ही त्या गर्दीतले श्रीमंत!

नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. शिरवळजवळ पोलिसांचा नाका होता. कपाळाला ते तापाचे पिस्तूल लावून झाले, कागद तपासून झाला. रांगेत तासभर गेला. मुलगी म्हणाली, 'पप्पा, नायगाव इथून जवळच आहे ना? सावित्रीबाईंचं?' आम्हाला एकदम बरे वाटले. खंडाळा तालुक्यातील नायगाव, ३ जानेवारी १८३१ चा सावित्रीबाईंचा जन्म. आणि त्या गेल्या त्याही साथीतच. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या सासने मळ्यात दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोचवले. मूल वाचले. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

त्याच वर्षी इंग्रज सरकारने साथरोगांचा कायदा केला होता. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने लागू केला तो तोच कायदा. कायदा सांगतो, दूर राहा. ते खोटे नाही. पण त्या बाईने काय केले, तेही त्याच वर्षातले आहे. दोन्ही लक्षात ठेवायला हवे.

खंबाटकीचा घाट चढून साताऱ्याजवळ आलो, तेव्हा उन्हे चांगलीच तापली होती. कऱ्हाड तालुक्यात त्या वेळी रोगी बरेच निघाले होते. पुढे अडवतात असे ड्रायव्हरला फोनवरून कळले. म्हणून त्याने उंब्रजला गाडी वळवली आणि मसूरच्या रस्त्याला घातली.

मसूर हे नाव ऐकून आमच्या घरात कुणी गप्प बसत नाही. १९०१ सालची गोष्ट. बाबासाहेब तेव्हा नऊ वर्षांचे. घर साताऱ्यात, आई वारलेली. सुभेदार रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळी माणसांना काम मिळावे म्हणून तिथे तळ्याचे खोदकाम चालू होते. सुट्टीत मुलांना त्यांनी बोलावून घेतले. नवे सदरे, भरजरी टोप्या, नवे जोडे घालून भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले आगगाडीने मसूर स्टेशनात उतरली. न्यायला कुणी आले नाही, कारण पत्रच वडिलांच्या हाती पडले नव्हते. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि त्याचा चेहरा बदलला. कुणी गाडीवान त्यांना घेईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. शिदोरी जवळ होती, पण पाणी नव्हते. वाटेतले पाणी चिखलाने आणि शेणामुताने घाण झालेले. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितले तर तेही मिळाले नाही. मुले उपाशीच झोपली. बाबासाहेबांनी हे पुढे स्वतः लिहून ठेवले आहे.

ही गोष्ट मुलगी आजीला सांगत होती आणि आजी म्हणाली, 'मलाबी तहान लागलीय.' बाटल्यांतले पाणी कधीच संपले होते. सगळी हॉटेले बंद. रस्त्याकडेच्या एका वस्तीवर गाडी थांबवली. दारात एक बाई उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि लांबूनच विचारले, 'कुठनं आलाय?'

'मुंबईवरनं.'

ती दोन पावले मागे सरली. आम्ही समजलो, आता 'पुढं जावा' म्हणणार. ती आत गेली, पाण्याने भरलेला हंडा आणि तांब्या बांधावर आणून ठेवला आणि पुन्हा लांब जाऊन उभी राहिली. 'प्या, बाटल्याबी भरून घ्या. हंडा तितंच ऱ्हाऊ द्या, मी उन्हात तापवून मग उचलते,' असे म्हणाली. तिने जात विचारली नाही, आम्ही तिची विचारली नाही. तिला भीती होती आणि तिने पाणीही दिले. दोन्ही एकाच वेळी जमते, हे आम्ही मसूरच्या रस्त्यावर पाहिले.

गावाच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या होत्या. पलीकडे सात-आठ तरुण काठ्या घेऊन उभे. त्यांत आमचा सख्खा चुलतभाऊ. 'दादा, राग मानू नगा. वाड्यात म्हातारी माणसं हायती. आत घेता येत न्हाई.' आईने गाडीतून हाक मारली, 'आरं, मी तुला नाळ पडल्यापासनं वाढीवलाय.' तो रडला, पण फांदी हलली नाही. अखेर ग्रामपंचायतीने शाळेत चौदा दिवस राहायला सांगितले. तोच भाऊ रोज भाकरी-कालवण आणून फाटकाच्या खांबावर ठेवी आणि हाक मारून निघून जाई.

शाळेत आम्ही एकटे नव्हतो. एका वर्गात दिल्लीहून आलेले सोन्याच्या गलाईचे काम करणारे कुटुंब, एका वर्गात तामिळनाडूहून आलेला त्याच धंद्यातला मुलगा. आमच्या भागातली ही माणसे गलाईसाठी देशभर पसरलेली. मराठा, धनगर, बौद्ध, सगळ्यांना मिळून एक पाण्याचा पिंप आणि एक नळ. गाव सगळ्यांनाच भीत होते, त्यामुळे आमच्यात कुणी कुणाला भ्यायचे उरले नाही. रात्री ओट्यावर गप्पा रंगत. पंधराव्या दिवशी सगळे बरोबर बाहेर पडलो. मारुतीच्या देवळापर्यंत बरोबर चाललो. तिथून वाटा फुटल्या. ते वरच्या आळीला, आम्ही बौद्धवाड्याला. त्या रोगाचे चौदा दिवस मोजता आले. दुसऱ्या रोगाचे दिवस अजून कुणी मोजून सांगितलेले नाहीत.

आता जे सांगायचे ते जरा जड जाते. जूनमध्ये वेशीवर पहारा देण्याची पाळी आमच्यावर आली. दुपारी ठाण्याहून एक गाडी आली. वरच्या आळीतले घर, म्हातारा-म्हातारी, सून, दोन नातवंडे. शाळा भरलेली होती. आम्ही काठी आडवी धरली आणि म्हटले, 'ग्रामपंचायतीचा निरोप येऊ द्या, तोवर थांबा.' नियमाने बरोबरच होते. पण खोटे कशाला सांगावे, मनात कुठेतरी बरे वाटले. आता तुम्हीही बघा वेशीबाहेर कसे असते ते, असे वाटले. पोरे पाणी मागत होती आणि आम्ही निरोपाची वाट पाहत होतो.

तेवढ्यात आई कळशी घेऊन येताना दिसली. कुणी सांगितले कुणास ठाऊक. म्हणाली, 'पान्याला न्हाई म्हनू नगंस. आपल्याला ठावं हाय ते काय असतं.' तिने कळशी बाभळीच्या फांदीपलीकडे ठेवली आणि मागे सरली. पोरांनी ढसाढसा पाणी प्याले. सूनही प्याली. म्हाताऱ्याने कळशीकडे पाहिले, कुठल्या वाड्यातली ते ओळखले आणि म्हणाला, 'मला तहान न्हाई.' त्या उन्हात! आमचा हात काठीवर घट्ट झाला. आई एवढेच म्हणाली, 'नसंल. कळशी ऱ्हाऊ दे तितंच.'

संध्याकाळी निरोप आला, ती माणसे समाजमंदिराच्या खोलीत उतरली. आम्ही कळशी उचलायला गेलो तर ती रिकामी होती. शेवटचे पाणी कोण प्याले, ते आम्ही पाहिले नाही. आईला सांगितले, तर तिने नुसती मान हलवली.

आई आता नाही. परवान्याचा कागद मात्र ट्रंकेत परत ठेवला आहे. तो पाहिला की सरकारी शिक्का आठवत नाही, ती मसूरची बाई आणि आईची कळशी आठवते. साथी पुन्हा येतील, दुष्काळ येतील, दंगली येतील. रस्ते बंद होतील आणि कधी काठी आपल्याच हातात येईल. तेव्हा अंतर ठेवायचे तर जरूर ठेवा. मात्र बांधावर पाणी ठेवायला विसरू नका. समोरचा ते पिईल की नाही, हा त्याचा प्रश्न आहे. पाणी ठेवायचे की नाही, हा आपला.

यंदा मेमध्ये गावी जाताना जमले तर मसूरवरून जा. पोरांना स्टेशन दाखवा, गोष्ट सांगा. आणि बाटल्या भरून घ्या. चार जास्तीच्या घ्या.