कॉर्डेलियाची क्षमा

वरच्या वर्गांत 'किंग लिअर'ची गोष्ट निघाली की एक प्रश्न हटकून विचारला जातो : निरपराध कॉर्डेलियाला शेक्सपिअरने फासावर का जाऊ दिले? बापाला क्षमा केल्याचे हेच का फळ? आमच्या मते, क्षमेला फळ असलेच पाहिजे ही समजूतच येथे आड येते.

या नाटकातील ब्रिटन ख्रिस्तपूर्व आहे. पात्रे शपथा घेतात त्या अपोलो व ज्युपिटर यांच्या. १६०५ साली छापलेल्या, याच कथेवरील एका जुन्या नाटकात ख्रिस्ती धर्माची भाषा उघड होती आणि शेवटही गोड होता. शेक्सपिअरने दोन्ही काढून टाकले. ख्रिस्ताचे नाव गेले. पण त्याची शिकवण मात्र चौथ्या अंकाच्या अखेरीस जशीच्या तशी उभी आहे. वेडातून जागा झालेला म्हातारा मुलीला ओळखतो आणि म्हणतो की, तू विष दिलेस तरी मी पिईन, कारण माझा द्वेष करण्यास तुला कारण आहे. ती उत्तरते की, कारण मुळीच नाही. वास्तविक कारण होते. तिला त्याने सर्वांदेखत घराबाहेर काढले होते. पण ती हिशेबाची वहीच उघडीत नाही. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा बाप मुलाची क्षमायाचना पुरी होण्याआधीच धावत जाऊन त्याला मिठी मारतो. येथे उधळा बाप आहे, आणि धावून आली आहे ती मुलगी.

१६८१ मध्ये नहूम टेट याने हे नाटक बदलून कॉर्डेलियाला जिवंत ठेवले, तिचे लग्नही लावून दिले. सुमारे दीड शतक इंग्लंडची रंगभूमी त्यावरच संतुष्ट होती. (भवभूतीनेही 'उत्तररामचरिता'त सीता परत आणलीच, ही ओढ आपल्यालाही परकी नाही.) पंडित जॉन्सनला तर कॉर्डेलियाच्या मृत्यूचा असा धक्का बसला की, संपादनाचे काम अंगावर पडेपर्यंत त्याने ते प्रवेश पुन्हा वाचले नाहीत. त्याच्या हळवेपणाचा आम्हांस आदर वाटतो. तथापि टेटच्या नाटकात क्षमा ही व्याजी लावलेली रक्कम ठरते.

मूळ नाटकात कॉर्डेलिया लढाई हरते. बापलेकींना कैद होते, आणि लिअर आनंदाने तुरुंगाकडे निघतो : तेथे तू आशीर्वाद मागशील तेव्हा मी गुडघे टेकून तुझी क्षमा मागेन, असे तो तिला सांगतो. पुढे मरता मरता एडमंडला पश्चात्ताप होतो व तो आपला हुकूम मागे घेतो. निरोप घेऊन माणूस धावतो. तोच लिअर मुलीचे प्रेत हातांवर घेऊन येतो.